ड्रम पाचव्या मिनिटाला येतात

माझ्या कामाला मराठीत नाव नाही. इंग्रजीत आहे, पण ते सांगितलं की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणून मम्मीने तिच्यापुरतं सोपं करून घेतलंय. आमच्या मस्तगड भागात कोणी विचारलं, "तुमची प्रज्ञा काय करती हो?" तर ती सांगते, "घरी बसून गाणे ऐकती."

"आन पगार?"

"त्याचाच देतेत."

मग विचारणारी बाई माझ्याकडे बघते. त्या नजरेत कौतुक कमी आणि संशय जास्त असतो.

मम्मी खोटं सांगत नाही. मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. ऑफिस बंगळुरूला आहे आणि मी जालन्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खाली भांड्यांचं दुकान आहे. तिथे दिवसभर स्टीलच्या डब्यांवर नावं कोरण्याचं मशीन चालतं, दाताच्या डॉक्टरकडे ऐकू येतं तसं. कंपनीने दिलेले मोठे हेडफोन घातले की ते थांबतं. बाकीचंही सगळं थांबतं.

कंपनीकडे रोज जगभरातून नवी गाणी येतात. कोणतं गाणं कोणाला ऐकवायचं हे मशीन ठरवतं. पण गाण्यात काय आहे ते मशीनला कळत नाही, ते फक्त अंदाज करतं. तो अंदाज तपासायला माणसाचा कान लागतो. मी तो कान. प्रत्येक गाण्याचा एक फॉर्म असतो. त्यात प्रकार, मनःस्थिती, वाद्यं, वेग भरायचा आणि शेवटी 'उपयोग'. उपयोग म्हणजे हे गाणं माणूस कशासाठी लावेल: व्यायाम, प्रवास, अभ्यास, पूजा, पार्टी, झोप. प्रकार मात्र एकच निवडायचा. ट्रेनिंगमधलं पहिलंच वाक्य होतं, एक गाणं, एक कप्पा.

आणि गाणं पूर्ण ऐकायचं नसतं. सुरुवातीची दीड मिनिटं, मधला एक तुकडा आणि शेवटचं अर्धं मिनिट, की पुढचं. लोकांना वाटतं मी दिवसभर संगीतात डुंबत असते. खरं तर धान्यबाजारात, मोंढ्यात, पोत्याला सळई टोचून मूठभर दाणे काढणारा माणूस असतो ना, तसं हे काम आहे. तो दिवसभर धान्यातच उभा असतो, पण त्याला कोणी जेवतोय म्हणत नाही.

मला इंग्रजी गाण्यांची रांग मिळाली, त्यातही परदेशातल्या लहान, अनोळखी कलाकारांची. कारण मी इंग्रजी शाळेतली. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी इंग्रजी शब्द आला की चुलतभाऊ हसायचे. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. या कामाला ते उपयोगी पडलं. सोबतच्या मुली शिकून पुण्याला गेल्या, तिथल्याच झाल्या. मला एकटीने राहायला आवडतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते अर्धं खरं आहे.

कामात गमती नसतात असं नाही. सुरुवातीला काही महिने हिंदीचीही रांग होती, तेव्हा एका गझल गायकाला मी 'विरह' या कप्प्यात टाकलं होतं. त्यांचं कंपनीला पत्र आलं, की ही गझल मी अत्यंत आनंदात गायलो असून माझी पत्नी समोर बसलेली होती. मी पुन्हा ऐकली. तरी मला विरहच वाटला, पण बदलून दिलं. आणखी एका गृहस्थाने नुसत्या कूलरच्या आवाजाचे ढीगभर ट्रॅक पाठवले होते. प्रत्येकाला वेगळं नाव. 'कूलर, खिडकी उघडी.' 'कूलर, दुपारी.' 'कूलर, पाणी संपत आलेलं.' आमचे बंगळुरूचे सहकारी हसत होते. मी जालन्याची असल्यामुळे नीट ऐकलं. शेवटच्यात मोटर खरंच कोरडी फिरत होती. मी शेऱ्यात लिहिलं, 'कलाकार प्रामाणिक आहे.'

फोर्थ टँक मला मे महिन्यातल्या एका दुपारी सापडले.

लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर पंखा कसाबसा फिरत होता. रांगेत सात गाण्यांचा एक अल्बम आला. ऑस्ट्रेलियातला बँड, चार जण. मशीनने सात गाण्यांना सात वेगळे अंदाज लावले होते. एकाला लोकगीत, एकाला डान्स, एकाला चर्चसंगीत, एकाला रॉक, आणि एकाला तर बालगीत. मशीन गोंधळलं की मला बरं वाटतं, म्हणून मी सोबतची माहिती वाचली. गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या मुलखातलं एक गाव. पाऊस कमी. गावात पाण्याच्या चार लोखंडी टाक्या होत्या. तीन कोरड्या पडल्या म्हणून भंगारात विकल्या. चौथी विकायची राहिली, त्या रिकाम्या टाकीत बसून हे चौघं वाजवतात आणि तिथेच रेकॉर्ड करतात. पहिल्या तीन टाक्यांचं भंगार फिरत फिरत आपल्याच भट्ट्यांत आलं असेल, असं उगाच मनात आलं. जालन्यात कुठलंकुठलं लोखंड वितळतं.

पाचवं गाणं मी लावलं. सुरुवातीला एक पायपेटी वाजते, जुन्या संगीत नाटकांच्या फोटोत असते तशी, पायाने हवा भरायची. तिचा भाता ऐकू येतो. मग एक बाई गाते. गाते म्हणजे कोणाची तरी वाट बघताना माणूस स्वतःशी बोलतं, तसं. दीड मिनिट झालं, मी फॉर्म भरायला घेतला आणि नेट गेलं. फॉर्म अडकला. गाणं मात्र आधीच उतरलेलं होतं, ते चालू राहिलं. मी बसून राहिले. दूर कुठेतरी ट्रम्पेट वाजलं, लग्नातल्या बँडमधला एकच माणूस मागे राहून गेल्यासारखं. गाण्याच्याच तळाशी एक इलेक्ट्रॉनिक ठेका सुरू झाला, इतका बारीक की तो आहे की माझी नाडी आहे, कळेना. चार मिनिटं झाली तरी काहीच घडत नव्हतं. आणि पाचव्या मिनिटाला ड्रम आले.

एकदम, सगळे. ते लोखंडी टाकीत वाजतात, म्हणून प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून परत येतो आणि वाजवणारा त्या परत आलेल्या ठोक्याच्या वर पुढचा ठोका मारतो. स्वतःच्याच आवाजाशी त्याची जुगलबंदी चालते. दोन मिनिटं ते चालतं, मग सगळं ओसरतं आणि पुन्हा नुसती पायपेटी.

मी खुर्चीतून उठले होते. कधी, ते आठवत नाही. मला काही फार मोठं वाटलं असं नाही. एवढंच वाटलं, की कोणीतरी माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलंय आणि आता कोणीच काही बोलायची गरज नाही.

नियमाने दाणे बघितले असते, तर ते ड्रम मला कधीच भेटले नसते.

कंपनीत कान लावणाऱ्याला एक छोटा हक्क असतो. महिन्यातून एका कलाकाराची शिफारस करता येते. ती मान्य झाली तर तो नव्या कलाकारांच्या यादीत जातो, आणि ती यादी खूप लोक ऐकतात. मी तो हक्क तोवर एकदाही वापरला नव्हता. कारण शिफारस मीटिंगमध्ये तोंडाने करावी लागते.

आमच्या गटाच्या प्रमुख देविका मॅडम. आठवड्याच्या मीटिंगला पडद्यावर सगळ्यांचे चेहरे चौकोनांत असतात. माझ्या चौकोनात नुसतं अक्षर असायचं. मी नेट खराब असल्याचं सांगून कॅमेरा बंद ठेवायचे, आणि जालना म्हटल्यावर कोणालाच शंका यायची नाही. त्या दिवशी मी माइक सुरू केला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते.

"प्रकार काय?" मॅडमनी विचारलं.

"एक सांगता येणार नाही, मॅडम."

"अल्टरनेटिव्ह रॉक?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"दुसरं गाणं लोकगीत आहे. तिसऱ्यात नाचायचा ठेका आहे. पाचव्यात लग्नातले बँडवाले आहेत. पण दुःखी."

कोणीतरी हसलं. मी माइक बंद केला. मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रज्ञा वर्षभरात पहिल्यांदा बोलली आहे, मी ऐकते." त्यांनी ऐकलंही, पण दीड मिनिट. संध्याकाळी निरोप आला: 'छान शांत आहे. कप्पा ठरव, मग बघू.'

पुढच्या महिन्यात मी पुन्हा मांडलं, प्रत्येक गाण्याची टिपणं लिहून. 'कप्पा निश्चित नाही.' त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. तेव्हा सोबत एक सूचनाही होती. ज्या कलाकाराला ठरावीक मुदतीत ऐकणारे मिळत नाहीत, त्याला मागच्या साठ्यात हलवतात. म्हणजे गाणी पुसत नाहीत, पण मशीन ती आपणहून कोणाला दाखवत नाही. पूर्ण नाव टाकून शोधणाऱ्यालाच सापडतात, आणि नाव माहीत कोणाला असणार? फोर्थ टँकची मुदत महिनाअखेर संपत होती. माझ्या पडद्यावर त्यांचे ऐकणारे दिसायचे. इतके कमी, की मी एकदा गाणं लावलं तरी आकडा हललेला दिसायचा.

मी पुण्याच्या मैत्रिणीला गाणं पाठवलं. तिने अंगठा पाठवला. मम्मीला एका कानात हेडफोन दिला. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "रडून राह्यली का ही बाई?"

"नाही, गातेय."

"मंग ठीक."

राहिले गौतममामा. मामा वाटूरला असतात. फाट्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि त्याहून जुनी त्यांची गायनपार्टी आहे. पेटी, ढोलकी, एक कीबोर्ड, मागे साथ धरणारे चौघं. एप्रिलमध्ये जयंतीचा महिना आला की मामा घरी सापडत नाहीत. एका रविवारी मी गेले. दुकानात जळक्या वायरचा वास होता. मामांनी माझा मोबाइल पार्टीच्या स्पीकरला जोडला, स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. मी बाहेर फाट्यावरच्या एसट्या बघत उभी राहिले. आपल्याला आवडलेलं कोणी ऐकत असताना त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

सात मिनिटांनी गाणं संपलं, तेव्हा मामांनी मला आत बोलावलं. मग म्हणाले, "वाजवणारा उपाशी हाय."

"म्हणजे?"

"पाच मिनिटं बसवून ठेवलं त्याला. हात शिवशिवून राह्यले असतील बिचाऱ्याचे. पण आला तं कसा आला! बराबर जागेवर आला." त्यांनी मांडीवर तो ठेका धरला. "काय अडचण हाय मंग?"

मी कप्प्यांचं सांगितलं. मामा हसायला लागले.

"आगं माय, आमचं तरी कोणत्या खान्यात बसतं? जयंतीला भीमगीतं, उरुसात कव्वाली, वरातीत पाहिजे ते. पार्टी तीच, पेटी तीच. मंठ्याला एकदा नाव काय सांगून गेल्तो माहितंय का? भजनी मंडळ! स्टेज मिळालं, मंग आमचं आम्ही सुरू केलं."

"लोक काही म्हणाले नाहीत?"

"आधी म्हणले. मंग रात्रभर उठू देईनात." ते मोबाइल परत देत म्हणाले, "ज्या दारानं आत घेतेत त्या दारानं जा. आत गेल्यावर कोण विचारतंय?"

मामांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर माणसं बसलेली असतात. नाव काहीही सांगून स्टेजवर चढलं, तरी पहिल्या रांगेतल्याचा चेहरा बघून पुढचं ठरवता येतं. मला ते त्या वेळी सुचलं नाही.

आमच्याकडे एक दार उघडं होतं. बाकीच्या याद्या संपादक निवडतात, पण झोपेची यादी मशीन आपोआप भरतं, फॉर्ममधला 'उपयोग' बघून. त्या यादीला गाणी पुरत नाहीत इतकी मागणी आहे. देशात किती लोकांना झोप येत नाही हे मला या नोकरीत कळलं.

सोमवारी सकाळी मी पाचव्या गाण्याचा फॉर्म पुन्हा उघडला. सुरुवात शांत होती, शेवटही शांत. मधला तुकडा कुठला घ्यायचा ते नियमात सांगितलेलं नाही, म्हणून मी तिसरं मिनिट घेतलं. 'तपासलं' वर खूण केली. उपयोग: झोप.

मला पाचवं मिनिट माहीत होतं. ते मी विसरले नव्हते. उलट मी त्याचाच विचार करत होते. मला वाटलं, कुठेतरी कोणीतरी जागं असेल, किंवा दचकून जागं होईल, अंधारात ते दोन मिनिटं ऐकेल आणि विचारेल, हे कोण आहेत? असा एक माणूस मला हवा होता. आता लिहिताना हे किती वेडगळ आहे ते दिसतं.

आकडे चढले. झोपेच्या यादीत एक सोय असते, ऐकणारा गाणं बदलत नाही. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघायचे. मुदतीचा धोका टळला. त्या आठवड्यात बँडने आपल्या पानावर टाकीच्या दारात उभं राहून काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की भारतात आम्हाला अचानक माणसं भेटली आहेत, कोण आहात माहीत नाही, पण चौघांकडून आभार. फोटोत ड्रमवाला सगळ्यात मागे होता. दोन्ही हातांत काठ्या धरून, लाजून खाली बघत होता.

मी तो फोटो मोबाइलवर मोठा करून बराच वेळ बघितला. त्यांना भेटलेली माणसं झोपलेली होती, हे त्या चौघांना माहीत नव्हतं.

मग तक्रारी आल्या. एका बाईंची सहा महिन्यांची मुलगी दचकून उठली, ती सकाळपर्यंत झोपली नाही. एकांना वाटलं भांड्यांचं फडताळ कोसळलं. एकाने नुसतं विचारलं होतं, 'कोणी असं का करेल?' गाण्याखालीही लोकांनी लिहिलं, आणि ते बँडलाही दिसत होतं. गाणं फार सुंदर आहे, फक्त तो मधला गोंधळ काढून टाका. असं बऱ्याच जणांनी लिहिलं, अगदी प्रेमाने.

अशा वेळी गुणवत्ता विभाग गाणं यादीतून काढतो आणि कारण लिहितो. कारणं तीनच असतात: मशीनची चूक, नोंद करणाऱ्याची चूक, कलाकाराकडून दिशाभूल. 'उपयोग' कलाकारालाही भरता येतो, आणि झोपेच्या यादीत घुसायला बरेच जण तो खोटा भरतात. विभागाने जास्त खोलात न जाता तिसरं कारण लिहिलं. दिशाभूल करणाऱ्या कलाकाराची सगळीच गाणी सुचवणं बंद होतं. म्हणजे मागच्या साठ्यापेक्षा वाईट. मी त्यांना वाचवायला गेले आणि त्यांच्या नावावर फसवणूक लागली.

विभागाला एक ओळ लिहायची होती. 'ही नोंद माझी.' मी नऊ दिवस लिहिली नाही.

त्या नऊ दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी कामं केली. इतर गाण्यांचे फॉर्म इतक्या काळजीने भरले, की मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मम्मी ताट ठेवून जायची आणि तसंच परत न्यायची. एकदा म्हणाली, "बोलत तं तू आधीबी नव्हती. पण आता गप्प बसून राह्यली." हा फरक फक्त तिलाच कळू शकतो.

दहाव्या दिवशी दुपारी मी मॅडमना फोन लावला. कॅमेरा चालू केला, कारण बंद ठेवून हे सांगणं बरं दिसलं नसतं. त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मॅडम, फोर्थ टँकची झोपेची नोंद मी केली. बँडने नाही."

"चुकून झाली ना?" त्यांनी लगेच विचारलं. त्यांनी दार उघडून धरलं होतं, हे मला कळलं.

"नाही. मला माहीत होतं ड्रम आहेत ते."

"मग का?"

"कोणीतरी ऐकावं म्हणून."

"झोपलेल्या लोकांनी?"

"ते उठले असते, मॅडम."

खालून डबा कोरल्याचा आवाज येत होता, तो मॅडमनाही ऐकू जात असणार. मग त्या म्हणाल्या, "प्रज्ञा, तुला ते गाणं खरंच एवढं आवडतं?" मी हो म्हटलं. "मग निदान मला तरी सगळं ऐकायला लावायचं होतंस," त्या म्हणाल्या. मी तीन महिन्यांत कप्प्यांवर पानंच्या पानं लिहिली. पण मॅडम, फक्त सात मिनिटं ऐका, एवढं एक वाक्य मला त्यांच्याशी बोलता आलं नव्हतं.

कारण बदललं: नोंद करणाऱ्याची चूक. बँडवरचा डाग निघाला. माझा शिफारसीचा हक्क गेला, आणि सहा महिने माझे फॉर्म दुसरं कोणीतरी तपासणार होतं. नोकरी राहिली. शिक्षा कमी झाली असं मला वाटलं, आणि ते वाटणं बरोबर निघालं.

मग मी बँडला पत्र लिहिलं. ज्या भाषेसाठी आईवडिलांनी मंठ्याचं बिऱ्हाड मोडून जालन्याला आणलं, त्या भाषेत एक पान लिहायला मला चार दिवस लागले. सगळं लिहिलं. झोपेची यादी, तक्रारी, ते नऊ दिवस. शेवटी लिहिलं, की लोक काही म्हणोत, ड्रम काढू नका.

पायपेटी वाजवून गाणाऱ्या बाईंचं नाव मेव्ह. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी लिहिलं, 'आम्हाला वाटलं होतं, आमचंच काहीतरी चुकलं. आम्ही ते सगळे अभिप्राय टाकीत बसून मोठ्याने वाचले. कॉलिन ड्रम वाजवतो. तोच म्हणाला, पहिल्यांदाच एवढ्या लोकांना आपण आवडतोय, एकदा माझ्याशिवाय करून बघा. नवी प्रत आम्ही चार दिवसांपूर्वी पाठवली. तुझं पत्र आधी आलं असतं तर कदाचित पाठवली नसती. पण कॉलिन ठीक आहे, तू वाईट वाटून घेऊ नकोस. झोपलेले सोडून तिकडे आम्हाला आणखी कोण ऐकतं?'

मी लिहिलं, 'माझे एक मामा.'

ती नवी प्रत त्यानंतरच्या मंगळवारी माझ्या रांगेत आली. यात योगायोग काही नाही, तिकडच्या लहान कलाकारांची रांग माझीच आहे. नावापुढे 'शांत' असं जोडलं होतं. मशीनचा अंदाज पहिल्यांदाच ठाम होता. सगळे रकाने आपोआप भरलेले होते, मला फक्त खूण करायची होती.

मी दीड मिनिटावर थांबले नाही. पायपेटी, मेव्ह, दूरचं ट्रम्पेट, तो नाडीसारखा ठेका. पाचवं मिनिट आलं. तिथे एक श्वास ऐकू येतो. मेव्हचा नाही, त्यांचा मला पाठ आहे. कोणीतरी वाजवायच्या आधी घेतात तसा श्वास घेतो आणि मग काहीच वाजत नाही. दोन मिनिटं पायपेटी एकटीच चालत राहते. टाकी मोठी आहे, तिची रिकामी जागा ऐकू येते. कॉलिन आत बसलेला असणार. बाहेर जाऊन बसायला त्याला कोणी सांगितलं नसेल.

मी सुरुवात तपासली, मधला तुकडा तपासला, शेवट तपासला. उपयोग: झोप. या वेळी ते खरं होतं.

ते त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं आहे.